गाडी दारात, किल्ली परगावी

वर्गणी हा शब्द आपल्या भागाला नवा नाही. वाचनालयाची वर्गणी, जत्रेची वर्गणी, भजनी मंडळाची वर्गणी, आणि हे साप्ताहिक ज्यांच्या घरी जाते त्यांनी वर्षाकाठी भरलेली वर्गणी, या सर्वांचा अर्थ आबालवृद्धांस ठाऊक आहे. परंतु अलीकडे हाच शब्द एका निराळ्याच दारातून घरात शिरला आहे. मोटारगाडी पैसे मोजून विकत घ्यावी, आणि काही वर्षांनी तिच्यातल्याच काही सोयी चालू राहाव्यात म्हणून पुन्हा वर्गणी भरावी, असा हा नवा प्रकार. बिदर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद आणि कलबुर्गी या पट्ट्यात चार माणसे एकत्र बसली की याविषयी बरीवाईट मते ऐकू येतात. त्या मतांचा थोडा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम, ही इंटरनेटला जोडलेली मोटार म्हणजे काय, ते पाहू. आपल्या देशात तिचा गाजावाजा २०१९ साली सुरू झाला. त्या वर्षीच्या मे महिन्यात ह्युंडाईची व्हेन्यू आणि जूनमध्ये एम.जी. कंपनीची हेक्टर बाजारात आली. ऑगस्टमध्ये किआची सेल्टोस आली. या गाड्यांच्या पोटात मोबाइलमध्ये असते तसे एक सिमकार्ड कायमचे बसविलेले असते. गाडी कोठे आहे, किती वेगाने चालली आहे, दारे बंद आहेत की उघडी, ही माहिती त्या सिमकार्डाच्या वाटेने कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जात असते. मालक आपल्या मोबाइलवरून गाडीला हुकूम सोडतो, तेव्हा तो हुकूमही सरळ गाडीकडे जात नाही. अंगणात उभे राहून आपण दहा पावलांवरच्या गाडीचे कुलूप मोबाइलने उघडले, तरी तो निरोप आधी परगावच्या संगणकाकडे जातो आणि तेथून परत आपल्या अंगणात येतो. मधला संगणक बंद पडला, मोबाइलचे जाळे मिळाले नाही किंवा वर्गणीची मुदत संपली, तर निरोप वाटेतच राहतो. गाडीबरोबर आलेल्या साध्या किल्लीने दार उघडते, हे खरे. पण बाकीच्या सोयींची किल्ली परगावीच असते.

या सोयी पोकळ आहेत, असे मात्र कोणी समजू नये. कलबुर्गीचा मे महिन्यातला उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला गाडीत बसण्यापूर्वी पाच मिनिटे आतली हवा थंड करून ठेवण्याचे मोल सांगावे लागत नाही. ज्यांची मुले नोकरीनिमित्त पुण्यास वा हैदराबादेस आहेत, असे वृद्ध आईबाप रात्री सोलापूरहून उमरग्याच्या रस्त्याने परत येत असता, गाडी हुमनाबादेपर्यंत पोहोचली हे मुलास घरबसल्या दिसले, तर त्याच्या जिवाला केवढा विसावा! गाडी चोरीला गेल्यास ती कोठे उभी आहे हे समजते. अपघात झाला तर काही गाड्या आपण होऊन मदतीचा निरोप पाठवितात. प्रवासी वाहनांच्या बाबतीत तर सरकारनेच ही गरज ओळखली, आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंद होणाऱ्या नव्या सार्वजनिक वाहनांत ठावठिकाणा दाखविणारे यंत्र व संकटकाळी दाबावयाचे बटण बसविण्याचा नियम केला. एकटी मुलगी रात्रीच्या गाडीने घरी परतत असेल, तर अशा बटणाची किंमत तिच्या आईस विचारावी.

मग तक्रार कशाची? भालकीकडच्या एका निवृत्त गुरुजींनी ती एका वाक्यात मांडली: "बैल विकत घेतला, दावणीला बांधला, आणि आता त्याला जुंपायचे तर दर महिन्याला जुन्या धन्याला पैसे द्यायचे, हा कुठला न्याय?" बसवकल्याणच्या एका चालकाचे म्हणणे निराळे. तो म्हणतो, "काका, पैसे देऊ की. पण तिकडं रानात मोबाइलला रेंज नाही, अन् पैसे तर पुऱ्या महिन्याचे घेतात." तुरीच्या व्यापारातले एक कलबुर्गीकर शेठजी हसून म्हणतात, की पहिली तीन वर्षे फुकट म्हणजे जनावराला आधी पेंडीची चटक लावण्यासारखेच आहे. आणि खरोखरच, २०१९ च्या त्या गाड्यांपैकी कित्येकींबरोबर तीन वर्षांची सेवा विनामूल्य दिली होती. घरच्यांस सवय जडल्यावर वर्गणीचा प्रश्न पुढे आला.

आमच्या मते गुरुजींच्या दाखल्यात बरेच तथ्य आहे, आणि ते पारखण्यास आपल्याच मुलखाचा इतिहास उपयोगी पडेल. वार्षिक मोबदला देऊन सेवा घेण्याची रीत येथे पिढ्यान्‌पिढ्या होती. मराठीत तिला बलुते म्हणत, कानडीत आय म्हणत. सुतार वर्षभर नांगर, तिफण, गाडी दुरुस्त करी, आणि सुगीत शेतकरी त्याला खळ्यावर धान्य घाली. त्या रीतीत जातीची बेडी होती आणि राबणाऱ्यावर अन्यायही होता, म्हणून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट तीत स्पष्ट होती: मोबदला श्रमाचा होता. एखाद्या साली बलुते कमी पडले, तर सुतार पुढचे काम नाकारील. शेतकऱ्याच्या गाडीची धाव काढून घरी नेण्याचा अधिकार त्याला नव्हता. गाडी शेतकऱ्याची ती शेतकऱ्याचीच.

दुसरी आठवण जमिनीची. हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता तेव्हा ठिकठिकाणी जहागिरी होत्या. १९४९ साली त्या रद्द झाल्या, आणि १९५० साली हैदराबादचा कूळकायदा झाला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर व गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. मालक आणि कूळ यांतील अंतर या भागातल्या जुन्या माणसांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. जमीन कसणारा रोज घाम गाळतो, पण ती उद्या आपल्याकडे राहील की नाही हे दुसरा ठरवितो. ही कुळाची स्थिती. आता प्रश्न असा, की लाखो रुपये मोजून गाडी घेणारा गृहस्थ तिचा मालक आहे की कूळ?

हा प्रश्न केवळ आपल्याकडेच उठला असे नाही. जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीने २०२२ साली काही देशांत गाडीची आसने उबदार करण्याच्या सोयीसाठी मासिक वर्गणी ठेवली. ऊब देणाऱ्या तारा आसनात आधीच बसविलेल्या. त्यांना फक्त संगणकाचे कुलूप. गिऱ्हाईक म्हणू लागले, की तारांचे पैसे आम्ही गाडीच्या किमतीतच दिले आहेत. चोहोकडून टीका झाली आणि २०२३ साली कंपनीने तो बेत सोडून दिला. यावरून एक कसोटी हाती लागते. ज्या सेवेसाठी कंपनीस दरमहा खर्च येतो, म्हणजे सिमकार्डाचे भाडे, संगणकाची देखभाल, मदतीसाठी बसविलेली माणसे, तिची वर्गणी मागणे रास्त. जी वस्तू गाडीत बसवून विकून झाली, तिच्या वापराची वर्गणी म्हणजे उघड उघड खंडणी.

सरळ हिशोबाची वर्गणी कशी असते, याचा एक नमुना सरकारी आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी फास्टॅगचा वार्षिक पास निघाला. सुरुवातीचा दर ३००० रुपये. त्यात एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. म्हणजे प्रत्येक नाक्यास १५ रुपये. हुमनाबादेहून सोलापूर-पुण्याकडे वारंवार जाणाऱ्याने बोटांवर हिशोब करावा आणि फायदा दिसल्यास पास घ्यावा. वर्षातून दोनदा जाणाऱ्याने त्या वाटेस जाऊ नये. सर्व अटी एका ओळीत मावतात.

याहून अवघड हिशोब विजेच्या मोटारीचा. सप्टेंबर २०२४ मध्ये एम.जी. विंडसर ही गाडी निघाली, तेव्हा तिची किंमत बॅटरीवाचून ९ लाख ९९ हजार सांगितली, आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये. पुढच्याच महिन्यात बॅटरीसह किंमत जाहीर झाली ती साडेतेरा लाखांपासून. दोहोंतील अंतर सुमारे साडेतीन लाखांचे. म्हणजे त्या दराने एक लाख किलोमीटर गाडी पळाली की भाडे आणि बचत यांची तोंडमिळवणी होते. बिदर ते कलबुर्गी सुमारे ११० किलोमीटर धरले तर जाऊन येऊन ७७० रुपये भाडे, विजेचा खर्च वेगळा. थोडे फिरणाऱ्यास हे परवडेल, पुष्कळ फिरणाऱ्यास नाही, असे वरवर दिसते. पण अशा करारात दरमहा किमान काही अंतराचे भाडे द्यावेच लागेल अशी अट असेल, तर सारा हिशोब पालटतो. समजा किमान अंतर १५०० किलोमीटरचे असेल, तर गाडी दारात उभी राहिली तरी महिन्याचे ५२५० आणि वर्षाचे ६३,००० रुपये गेले. म्हणून सही करण्यापूर्वी किमान भाड्याचा प्रश्न आधी विचारावा.

पैशांहून नाजूक बाब माहितीची. गाडी सारे पाहते, आणि पाहिलेले दुसऱ्यास सांगते. अमेरिकेतील मोझिला या संस्थेने २०२३ साली २५ मोटार-कंपन्यांचे गोपनीयतेचे नियम तपासले, त्यांत एकही कंपनी कसोटीस उतरली नाही. २०२४ साली तेथेच असे उघडकीस आले, की जनरल मोटर्सच्या गाड्यांतून चालकाने कितीदा जोराचा ब्रेक लावला, किती वेगाने गाडी हाकली, ही माहिती दलालांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत पोहोचत होती. त्यावर जानेवारी २०२५ मध्ये तेथील व्यापार आयोगाने पाच वर्षे अशी माहिती दलालांस देण्यास बंदी घालण्याची कारवाई जाहीर केली. आपण कोठे गेलो, कोणत्या दवाखान्यापुढे थांबलो, कोणाच्या घरी रात्री उशिरापर्यंत बसलो, हे शेजाऱ्याने विचारले तर आपण रागावतो. यंत्राला मात्र न वाचलेल्या कागदावर अंगठा दाबून सर्व मुभा देतो. घरातल्या घरातही हाच विवेक हवा. मोठा मुलगा आईच्या काळजीने तिची गाडी मोबाइलवर पाहत असेल, तर ते आईस ठाऊक असावे आणि मान्य असावे. काळजी आणि पाळत यांत फरक एवढाच.

आपल्या सीमाभागास आणखी एक अडचण विशेष भेडसावते. येथे जुन्या गाड्या हैदराबाद, सोलापूर, लातूर, पुणे येथून येतात. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर ना-हरकत दाखला आणून नवा क्रमांक घ्यावा लागतो, एम.एच. २४ ची गाडी के.ए. ३८ ची होते, आणि कागदावर मालकाचे नाव बदलते. पण मोबाइलमधल्या मालकाचे नाव कोण बदलणार? ते काम आर.टी.ओ. कचेरी करीत नाही. २०१७ साली अमेरिकेतील चार्ल्स हेंडरसन या सुरक्षातज्ज्ञाने जाहीर सभेत सांगितले, की आपली गाडी देऊन टाकल्यावर कित्येक वर्षांनीही तिचा ठावठिकाणा आपल्या मोबाइलवर दिसत होता आणि तिचे कुलूपही उघडता येत होते. जुनी गाडी घेताना चाके, इंजिन, विमा पाहतो, तसेच पहिल्या मालकाचे खाते समोरासमोर बंद करवून मगच उरलेली रक्कम द्यावी. वर्गणी नव्या मालकाच्या नावे चालू राहील की नाही, तेही विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीसंबंधी रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. पैसे कापण्यापूर्वी निदान २४ तास आधी ग्राहकास सूचना मिळाली पाहिजे आणि नको असल्यास बंद करण्याची सोय असली पाहिजे. घेताना एका बोटाचे काम आणि सोडताना दहा दारे, अशा युक्तीस ‘वर्गणीचा सापळा’ ठरवून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती निषिद्ध केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर सीमेवरच्या माणसास मोठाच आधार दिला: वस्तू कोठेही घेतलेली असो, ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला तक्रार नेता येते. गाडी हैदराबादेत घेतली तरी बिदरकरास बिदरमध्येच दाद मागता येईल. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यासाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

भाषेचीही एक तरतूद ध्यानात ठेवण्याजोगी आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे, आपली माहिती घेण्यासाठी जी संमती मागतात, तिचा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा दिली पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात यावयाची असे ठरले. आठव्या परिशिष्टात मराठी आहे, कानडी आहे, तेलुगू आणि उर्दूही आहेत. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी बोलणाऱ्या आपल्या लोकांनी हा हक्क वापरावा. ‘मराठीत दाखवा’ असे विक्रेत्यास सांगण्यात संकोच कसला?

या साप्ताहिकाची वर्गणी ज्यांनी भरली, त्यांचा मागील वर्षाचा अंक त्यांच्याच कपाटात राहतो. यंदा वर्गणी चुकली म्हणून तो परत मागण्यास कोणी येत नाही. गाडीच्या दुकानात वर्गणीचा कागद पुढे आला, म्हणजे वाचकांनी एवढेच विचारावे: पैसे थांबविले तर माझ्या दारातल्या वस्तूपैकी काय काय माझे राहील? उत्तर लिहून मिळाले तर खुशाल सही करावी. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर घरी येऊन, कुटुंबातल्या सर्वांशी बोलून, मग काय ते ठरवावे. गाडी चार दिवस उशिरा आली म्हणून कोणाचे काही बिघडत नाही.