पेटी केवढी घ्यावी?

आमच्या घरात पेटी यावी ही माझी जुनी हौस. १९७९ साली डोंबिवलीत बिऱ्हाड केले, तेव्हा १० बाय १२च्या खोलीत आई-वडील, आम्ही दोघे आणि पाण्याचे पिंप एवढी मंडळी कशीबशी मावत होती. "पेटी मोठ्या घरात घेऊ," असे मी म्हणालो. पुढे घर मोठे झाले, पण पेटी राहिली ती राहिलीच. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात विजेच्या तारा जोडता जोडता बोटे निबर झाली.

म्हणून गेल्या दिवाळीत धाकटी म्हणाली, "बाबा, यंदाच्या बोनसची मी पेटी घेणार," तेव्हा मी चकल्यांचा घाणा अर्धवट टाकून उठलो. तिने चित्र दाखवले आणि मी चाटच पडलो. बटणे, दिवे, भोके आणि रंगीत दोऱ्यांचा गुंता! आमच्या कारखान्यातले एखादे पॅनेलच म्हणा ना.

"हिचा भाता कुठे आहे?" सौभाग्यवतींनी विचारले.

या वाद्याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. नाव अवघड असले तरी प्रकार आपल्या मिसळणाच्या डब्यासारखाच आहे. डबा एक, वाट्या निरनिराळ्या. एक घटक विजेपासून स्वर निर्माण करतो, दुसरा तो गाळतो, तिसरा त्याला चढउतार देतो. हे घटक आपापल्या पसंतीने घ्यायचे, पेटीत शेजारी शेजारी बसवायचे आणि दोऱ्यांनी जोडायचे. जोडणी बदलली की नादही बदलतो.

हे खूळ आजकालचे नव्हे. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली असे वाद्य घडवले. १९६९ साली ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने ते तेथे उभारले आणि गीता साराभाईंसारख्यांनी त्यावर रचना केल्या. तेथल्या ध्वनिफिती कित्येक वर्षे पडून होत्या. त्यांतल्या निवडक रचना २०२३ साली प्रसिद्ध झाल्या. मात्र ते वाद्य म्हणजे एक कपाटच होते. घरात मावेल असे माप दिले ते जर्मनीच्या डीटर डोपफर यांनी, १९९०च्या दशकात. त्यालाच युरोरॅक म्हणतात.

या मापात प्रत्येक घटकाची उंची सारखीच, सुमारे १२८.५ मिलिमीटर. रुंदी मोजायची ती एचपीमध्ये. एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. ८४ एचपीची ओळ सतरा इंचांच्या आत बसते, १०४ एचपीची एकवीस इंचांपर्यंत जाते. "तीन ओळींची, १०४चीच घे," मी बजावले. "पुढचा विचार करावा माणसाने." धाकटीला मात्र ८४च्या दोनच ओळी हव्या होत्या. यावरून आमचे आठ दिवस बिनसले.

अखेर ती मला कल्याणला एका मित्राकडे घेऊन गेली. त्याने भिंतभर पेटी मांडली होती. मी हिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. मुलगा ओशाळून म्हणाला, "काका, एकेक घटक परदेशातून येईपर्यंत पाच आकडी रकमेला पडतो. पण रिकामी जागा दिसली की भरावीशी वाटते. दोन वर्षांत खरेदी पुष्कळ झाली, वाजवणे थोडे. आणि ही पेटी एकदाही या खोलीबाहेर पडलेली नाही."

परतीच्या लोकलमध्ये मी गप्पच होतो. मला आमची जुनी चाळ आठवत होती. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात खोली तेवढीच आणि माणसे एक जास्त. तरी त्यांच्या खाटेखाली पेटी होती, आणि रोज संध्याकाळी ती वाजायची. म्हणजे आमची पेटी जागेपायी अडली नव्हती. मी मोठ्या घराची वाट पाहत बसलो, म्हणून अडली होती. हे कळायला मला कल्याणला जावे लागले!

घरी आल्यावर मी आलेखाचा कागद काढला. घटकांचे कागदी तुकडे कापून आम्ही दोन ओळींत मांडले. एकूण १६८ एचपी, त्यांपैकी १४८ भरले, २० मोकळे ठेवले. मग विजेचा हिशेब केला. या पेटीला अधिक १२ आणि उणे १२ व्होल्ट लागतात, काही घटकांना ५ व्होल्टही. प्रत्येक घटक किती मिलिअँपिअर खातो ते लिहून बाजूवार बेरजा केल्या. अधिक बाजूची बेरीज १,१५० झाली. आम्ही २,००० देणारा वीजपुरवठा निवडला. सुरू करताना घटक क्षणभर जास्त ओढतात, म्हणून निदान चौथाई तरी शिलकीत असावी. वीजपुरवठा तयारच घेतला. २३० व्होल्टशी घरच्या घरी खेळ नको. चपट्या केबलची लाल कडा उणे १२च्या बाजूला आली पाहिजे. ती उलटी लागली तर महागडा घटक क्षणात जळू शकतो.

खोलीच्या मापात मात्र मीच चुकलो. घटकांची खोली मोजली, पण त्यांच्यामागे केबलला जागा लागते हे विसरलो. धाकटीने पुठ्ठ्याच्या नमुन्यातच ती चूक पकडली, म्हणून सुताराच्या प्लायवूडचे पैसे वाचले. झाकणही उंच करून घेतले, म्हणजे दोऱ्या न काढता ते बंद होते. युरोपातली पेटी कलकत्त्यात बैठकीची झाली, तशी आम्हीही या पेटीला मागून तिरकी टेकण दिली. सतरंजीवर बसून वाजवता येते.

गेल्या महिन्यात ठाण्याला एका स्नेह्यांकडे लहानशी बैठक झाली. सगळी मिळून सात किलोंची पेटी धाकटीने लोकलच्या महिलांच्या डब्यातून मांडीवर धरून नेली. कोपऱ्यातल्या २० एचपींवर अजून साधी लाकडी पट्टीच आहे. तिथे काय बसवायचे असे मी विचारले, तर म्हणाली, "सध्या काही नाही. आहे तेच अजून पुरते वाजवून झालेले नाही."

वाचकहो, तुमच्या घरी कोणी असा हट्ट धरला तर वाट्यांआधी डबा ठरवा. आणि तो एकट्याने उचलून जिना उतरता येईल, एवढाच ठेवा.