पूररेषेतले तारण

बँकेचे कर्ज अनेक वर्षांचे असते आणि तारण एका जागी खिळलेले असते. हवामानबदलाची जोखीम तिथूनच बँकेच्या वहीत शिरते. कोळशाकडून सौरऊर्जेकडे जाताना जुन्या उद्योगांचे मूल्य घसरते, ती संक्रमण जोखीम. पूर, दुष्काळ, वादळ यांनी होणारे थेट नुकसान ही भौतिक जोखीम, आणि लहान कर्जदाराला ती आधी गाठते.

चिपळूणच्या बाजारपेठेत २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी शिरले. अशा पेठेतल्या दुकानदाराला कॅश क्रेडिट, म्हणजे गरजेनुसार उचलायचे खेळते कर्ज, मिळते ते दुकानातल्या मालाच्या तारणावर. स्टॉक स्टेटमेंटमधल्या मालाच्या किमतीतून पैसे न चुकवलेला माल आणि मार्जिन, म्हणजे दुकानदाराचा स्वतःचा वाटा, वजा करून बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचलीची मर्यादा, काढते. माल चिखलात गेला की ड्रॉइंग पॉवर संपते. उचललेली रक्कम आणि तिचे व्याज मात्र तसेच राहते. दुकान उभे करायला पैसा हवा, नेमकी तेव्हाच उचल बंद होते. त्यात सगळ्या पेठेची खाती एकाच दिवशी अडचणीत येतात. एकाचे बुडाले तरी दुसऱ्याचे चालते, हा बँकेचा नेहमीचा हिशेब इथे कोलमडतो.

डिजिटल तंत्रज्ञानाचा खरा उपयोग इथे आहे. तारणाचे अक्षांश-रेखांश नोंदवले, तर ते पूररेषेच्या नकाशावर ठेवून पाहता येते. शेतीकर्जासाठी डिजिटल सातबारा आहे, २०२१पासून ई-पीक पाहणी आहे, उपग्रहचित्रे आहेत. आयसीआयसीआय बँकेने २०२०मध्येच उपग्रहचित्रांवरून शेतकऱ्यांची पत जोखायला सुरुवात केली. अडचण आहे ती विखुरलेल्या माहितीची. पाऊस, नद्या आणि जमिनीच्या नोंदी वेगवेगळ्या खात्यांकडे, वेगवेगळ्या स्वरूपात असतात. म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४मध्ये हवामान जोखीम माहिती प्रणाली उभारण्याची घोषणा केली. त्याआधी फेब्रुवारी २०२४मध्ये बँकांनी ही जोखीम जाहीर करावी, यासाठीचा मसुदाही तिने काढला होता.

तंत्रज्ञानालाही पुराचा फटका बसतोच. वीज आणि मोबाइलचे टॉवर बंद पडले की एटीएम थांबते, यूपीआय चालत नाही, आणि पूरग्रस्त गावात रोकड हाच आधार उरतो. त्यामुळे डेटा सेंटरची दुसरी प्रत दूरच्या शहरात ठेवून भागत नाही; पूरप्रवण तालुक्यात रोकड पोचवण्याची तयारीही हवी.

मोठा धोका वेगळाच आहे. पूररेषेच्या नकाशावर धोक्यात दिसलेल्या गावाला कर्जच नाकारले, तर बँकेची वही स्वच्छ राहील आणि तिथला माणूस सावकाराच्या दारी जाईल. हा तंत्रज्ञानाचा दुरुपयोग ठरेल. नकाशावरून हप्त्यांची वेळ ठरावी, विम्याची खातरजमा व्हावी, आपत्तीनंतर कर्जाची पुनर्रचना लवकर व्हावी.

नदीकाठच्या दुकानदारांनी पावसाळ्यापूर्वी शाखेत दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: मालाच्या विम्यात पूर धरला आहे का, आणि विम्याची रक्कम आजच्या मालाइतकी आहे का.