हिचा आवाज कुणाचा?

मागच्या जुलैतली गोष्ट. चार दिवस पावसानं नुसता धिंगाणा घातला होता. शाळेला सुट्टी, पुलावर पाणी, घरभर ओल्या कपड्यांच्या दोऱ्या. कंटाळलेल्या लेकीनं टीव्हीवर एक जुना इंग्रजी सिनेमा लावला, 'सिंगिन इन द रेन'. म्हटलं, बाहेर पाऊस काय कमी आहे, म्हणून आता घरातही? पण पंधरा मिनिटांत मी कणीक तशीच झाकून ठेवून तिच्याशेजारी येऊन बसले. खरी गंमत पुढेच आहे. आमच्या सासूबाई गवार निवडत बसल्या होत्या. वय वर्षं ८१, इंग्रजीशी संबंध 'टाइम' आणि 'टेबल' एवढाच. पण त्या बरोब्बर हसायच्या जागी हसत होत्या! एक गाणं संपलं आणि त्यांनी विचारलं, "काय गं, हिचा आवाज कुणाचा?"

लेक म्हणाली, "आजी, तिचाच असणार ना!"

"छे! मधुबालाला लताचा, नर्गिसला लताचा. मग हिलाही कुणीतरी दिलाच असेल की."

सासूबाईंनी नकळत अगदी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं. कारण हॉलिवूडनं हाच प्रश्न कित्येक वर्षं लोकांना विचारू दिला नाही.

हा सिनेमा १९५२चा. जीन केली आणि स्टॅनली डोनन यांनी मिळून दिग्दर्शित केलेला. त्यातली बहुतेक गाणी नवी नव्हतीच, आधीच्या सिनेमांतून येऊन गेलेली होती. त्या गाण्यांभोवती बेटी कॉमडेन आणि अडॉल्फ ग्रीन या जोडीनं गोष्ट रचली. गोष्ट आहे १९२७ सालची, मूकपट जाऊन बोलपट येत होते त्या काळाची. लीना नावाची एक मोठी नटी. दिसायला देखणी, पण तोंड उघडलं की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज! बोलपटात ती चालायची कशी? मग कॅथी नावाच्या नवख्या मुलीला पडद्यामागं उभं करतात. आवाज कॅथीचा, चेहरा लीनाचा आणि टाळ्याही लीनालाच. शेवटी भर नाट्यगृहात पडदा वर ओढला जातो आणि मागं गाणारी कॅथी सगळ्यांना दिसते. त्या क्षणी आमच्या सासूबाईंनी गवारीची परडी बाजूला ठेवून टाळी वाजवली.

आपल्याकडेही असंच झालं होतं बरं का. १९३१मध्ये 'आलम आरा' आला आणि मूकपटातल्या नट्यांची पंचाईत झाली. त्या काळची सगळ्यात गाजलेली नटी सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, तिला हिंदुस्थानी शिकण्यासाठी काही काळ थांबावं लागलं होतं.

आता या गोष्टीतली गंमत ऐका. कॅथीचं काम केलं होतं डेबी रेनॉल्ड्सनं. सिनेमात ती लीनाला उसना आवाज देते. पण प्रत्यक्षात जे गाणं ती लीनासाठी गाताना दिसते, ते डेबीचं नाहीच! ते गायलं होतं बेटी नॉयस नावाच्या गायिकेनं आणि तिचं नाव पडद्यावर कुठंच नाही. म्हणजे सगळा सिनेमा सांगतो काय, तर लपवलेल्या आवाजाला न्याय द्या आणि स्वतः मात्र एक आवाज लपवून बसतो!

डेबीचीही कमी परीक्षा झाली नाही हं. वय १९ आणि नाच येत नव्हता. समोर जीन केलीसारखा कसलेला नर्तक आणि तो शिकवायला महाकडक. एकदा ती पियानोखाली बसून रडत होती, तेव्हा फ्रेड ॲस्टेअरनं तिला पाहिलं आणि धीर दिला. सोफा उलटवून संपणारं ते तिघांचं नाचगाणं तुम्ही पाहिलं असेल. ते सकाळपासून रात्रीपर्यंत चालू होतं आणि शेवटी तिच्या पायांतून रक्त आलं होतं. आयुष्यातल्या सगळ्यात अवघड गोष्टी दोनच, हा सिनेमा आणि बाळंतपण, असं ती पुढं सांगायची! जीन केलीनं तरी ते पावसातलं गाणं १०३ डिग्री तापात केलं. पडद्यावर मात्र सगळे कसे फुलासारखे हलके दिसतात. आपणही पाहुणे आल्यावर पुरणपोळी वाढताना असंच हसतो ना? पाठ मोडल्याचं कुणाला दिसतं?

मला वाटतं, हे सिनेमे अजून जुने वाटत नाहीत त्याचं एक कारण हेच. त्यात खोटेपणा आहे तो सेटचा, पावसाचा. नाच मात्र खरा आहे. ॲस्टेअरचा तर आग्रहच असायचा, की नाचणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे आणि कॅमेऱ्यानं मध्ये लुडबूड करायची नाही. आजकाल गाण्यात डोळ्याची पापणी लवेपर्यंत चार दृश्यं बदलतात. तिथं मात्र तुम्ही निवांत बघू शकता, एक बाई आणि एक पुरुष खरोखर नाचताहेत.

दुसरं कारण आपल्या मातीतलं आहे. बोलता बोलता माणूस एकदम गायला लागतो, याचं अनेकांना हसू येतं. आपल्याला कुठं येतं? १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आलं, तेव्हापासून आपली माणसं सुखदुःखात पदं म्हणत आली आहेत. शब्द संपले की गाणं सुरू होतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणूनच इंग्रजी न येणाऱ्या सासूबाईंचं काही अडलं नाही.

पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. रात्री मी त्यांना मार्नी निक्सनची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते.

मार्नी निक्सन ही शास्त्रीय गाणं शिकलेली अमेरिकन गायिका. १९५६च्या 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा करसाठी ती गायली. १९६१च्या 'वेस्ट साइड स्टोरी'त नॅटली वूडसाठी गायली. १९६४च्या 'माय फेअर लेडी'त ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी तिचीच. तिन्ही सिनेमे जगभर गाजले. तिन्हींच्या श्रेयनामावलीत मार्नीचं नाव नाही! उलट पहिल्या सिनेमाच्या वेळी तिला तंबी मिळाली होती, की बाहेर बोललीस तर पुन्हा काम मिळणार नाही. डेबोरा कर मात्र मोठ्या मनाची. तिनंच पुढं उघडपणे मार्नीचं श्रेय मान्य केलं.

"पैसे तरी मिळाले का तिला?" सासूबाईंचा पुढचा प्रश्न.

'वेस्ट साइड स्टोरी'च्या रेकॉर्ड धडाधड खपल्या, तेव्हा मार्नीनं त्यात वाटा मागितला. मिळेना. शेवटी संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइननं आपल्या वाट्यातला पाव टक्का तिला दिला.

"पाव टक्का!" सासूबाई म्हणाल्या. "तरी मागितला हे बरं केलं."

'माय फेअर लेडी'ची कथा तर आपल्या घरचीच. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पु.लं.नी १९७५ साली 'ती फुलराणी' आणलं आणि भक्ती बर्वेंनी मंजुळा अजरामर केली. इंग्रजी रंगभूमीवर ही फुलवाली गाजवली होती ज्युली अँड्र्यूजनं, तीही स्वतःच्या आवाजात. पण सिनेमा करताना तिला वगळलं, कारण निर्मात्याला नावाजलेली नटी हवी होती. ऑड्री आली आणि गाण्यासाठी महिनोन् महिने खपली. मग तिला कळलं, की आपला आवाज जवळजवळ सगळाच काढून टाकणार. ती तडक सेटवरून निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी येऊन सगळ्यांची माफी मागितली. त्या वर्षी सिनेमाला आठ ऑस्कर मिळाली, पण ऑड्रीला साधं नामांकनही नाही. उत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर गेलं 'मेरी पॉपिन्स'मधल्या ज्युली अँड्र्यूजला!

पुढच्याच वर्षी, १९६५मध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक' आला. त्यात डोंगरावर दोन्ही हात पसरून गिरकी घेणारी ज्युली आठवते? ते दृश्य हेलिकॉप्टरमधून टिपलं होतं आणि दर वेळी त्याच्या वाऱ्यानं ती बिचारी गवतात आडवी व्हायची. पण मला त्या सिनेमातलं वेगळंच दृश्य प्रिय आहे. मठातल्या जोगिणी मारियाबद्दल गाणं गातात, त्यातली एक मार्नी निक्सन आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चेहऱ्यांना आवाज दिल्यावर या मोठ्या सिनेमात अखेर तिचा स्वतःचा चेहरा दिसला. ज्युली कशी वागेल याची दिग्दर्शकाला धास्ती होती म्हणे. पण ज्युलीनं आपणहून पुढं येऊन तिला सांगितलं, मी तुमची चाहती आहे.

आपल्याकडे पार्श्वगायन १९३५च्या सुमाराला सुरू झालं, पण सुरुवातीला आपणही काही वेगळे नव्हतो. १९४९च्या 'महल'च्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे मधुबालाच्या पात्राचं! श्रोत्यांनी रेडिओकडे धोशा लावला, तेव्हा कुठं लता मंगेशकर हे नाव लोकांना कळलं. पुढं 'चोरी चोरी'च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं, तेव्हा समारंभात गायला लताबाईंनी चक्क नकार दिला. गायकांना पुरस्कारच नाही, मग मी का गाऊ, असा त्यांचा सवाल होता. १९५९मध्ये पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला 'मधुमती'साठी त्यांनाच मिळाला. म्हणून तर आज आमच्या सासूबाई कुठलीही नटी दिसली, की सहज विचारू शकतात, आवाज कुणाचा? हा प्रश्न सुचणं हीसुद्धा कुणाच्या तरी भांडणाची कमाई आहे.

हे सगळं ऐकून सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग हसून म्हणाल्या, "आपल्या दुकानाची उधारीची वही तीस वर्षं मी लिहायची. रात्री, सगळी आवराआवर झाल्यावर. गिऱ्हाइकं म्हणायची, अण्णांचं अक्षर काय मोत्यासारखं आहे!"

मी या घरात येऊन बावीस वर्षं झाली. मला हे ठाऊक नव्हतं.

"मग तू सांगायचं नाहीस का, आजी?" लेकीनं विचारलं.

"कुणी विचारलं कुठं?"

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. लेकीनं माळ्यावरच्या ट्रंकेतून त्या लाल कापडी बांधणीच्या वह्या काढल्या आणि उन्हाला ठेवल्या. अक्षर खरंच मोत्यासारखं आहे. तिनं प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं आजीचं नाव लिहिलं.

तर मैत्रिणींनो, एखाद्या रविवारी यातला एखादा सिनेमा लावा. भाषेची काळजी करू नका, सासूला, आईला शेजारी बसवा. आणि सिनेमा संपला, की हातात चहाचा कप देऊन सहज विचारा, घरातलं असं काय काय तुम्ही केलंत, जे दुसऱ्याच्या नावावर गेलं? उत्तर यायला वेळ लागेल. पण येईल.