रानात हाळी पोचत नाही तेव्हा

 

आज हप्त्याचं बोलायचं नाही, व्याजाचंही नाही. आज बोलायचंय एका हातात मावणाऱ्या यंत्राबद्दल. वर बोटाएवढी एरियल, बाजूला एक मोठं बटण. जत्रेच्या बंदोबस्ताला आलेल्या पोलिसाच्या खांद्याशी तुम्ही ते पाहिलं असेल. वॉकी-टॉकी. पोलिसांचं यंत्र बायकांच्या गटाला कशाला, असं आमच्या बैठकीतही दोघीतिघींनी विचारलं होतं. म्हणून ते का घेतलं, हे आधी सांगते.

मी अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या, डोंगराला टेकलेल्या गावांत गटांची सहयोगिनी म्हणून काम करते. आमच्याकडे मोबाइलला रेंज शाळेच्या ओट्यावर येते, देवळाच्या पायरीवर येते, आणि वर खिंडीत येते. बाकी सगळीकडे फोन म्हणजे नुसती बॅटरी. उन्हाळ्यात बाया हिरड्याला रानात जातात. निघताना पाचजणी बरोबर निघतात, पण झाडं काही एका रांगेत नसतात. एक या उताराला, दुसरी ओढ्यापलीकडे. एकमेकींना हाळी द्यायची, कूक घालायची, हीच आमची जुनी रीत.

दोन वर्षांपूर्वी एक वहिनी हिरड्याच्या झाडावरून पडली. पाय मोडला. जवळची बाई ओरडून ओरडून थकली, पण वारा उलटा होता. शेवटी तिला तिथंच ठेवून ती खाली पळत आली, माणसं गोळा केली आणि वर नेली. यात दीड तास गेला. पाय पुढं जुळला, वहिनी आता चालते. पण ती सांगते, “दुखत होतं ते एक. पण खाली कुणाला कळलंय का नाही, तेच मला कळत नव्हतं.”

त्यानंतरच्या बैठकीत हा विषय निघाला आणि आम्ही दोन जोड्या, म्हणजे चार सेट घेतले.

आता हे यंत्र चालतं कसं? मोबाइलवर आपण बोलतो तेव्हा आवाज आधी टॉवरला जातो, तिथून दुसरीच्या फोनला. टॉवर नाही तर काही नाही. वॉकी-टॉकीत टॉवर नसतो. एका सेटमधून निघालेली लहर थेट दुसऱ्या सेटला जाते. सिमकार्ड नाही, रिचार्ज नाही. एक बोलली की त्याच चॅनेलवरच्या सगळ्यांना एकदम ऐकू येतं. मात्र एका वेळी एकीनंच बोलायचं. दोघींनी एकदम बटण दाबलं तर कुणाचंच धड ऐकू येत नाही. आपल्या बैठकीसारखंच आहे म्हणा.

खोक्यावर लिहिलं होतं, आठ किलोमीटरपर्यंत. त्या आकड्यावर जाऊ नका. मध्ये काहीच आडवं नसेल, एक जण या डोंगराच्या माथ्यावर आणि दुसरी समोरच्या माथ्यावर, तर तसं घडेलही. आम्ही घेतल्यावर पहिल्याच रविवारी मोजून पाहिलं. एक जण शाळेपाशी थांबली, मी सेट घेऊन चालत सुटले. भातखाचरांच्या मोकळ्या सपाटीत दीड किलोमीटरवर आवाज स्वच्छ होता. गावातल्या घरांच्या दाटीत अर्धा किलोमीटर गेल्यावर खरखर सुरू झाली. आणि टेकाडाच्या पलीकडे दोनशे पावलांवर एकदम चिडीचूप.

याचं कारण सोपं आहे. घरातला साधा एलईडी बल्ब नऊ वॅटचा असतो. आमचा सेट जास्तीत जास्त अर्ध्या वॅटनं बोलतो. त्याची लहर बॅटरीच्या झोतासारखी, बहुतेक सरळ जाते. झाडोरा तिला थोडी खातो, ओला झाडोरा जास्त खातो आणि डोंगर तर अडवूनच धरतो. त्यामुळे बोलताना सेट उभा धरायचा, तोंडापासून चार बोटं लांब, एरियल हातात पकडायची नाही. पदरात गुंडाळून कमरेला खोचलेल्या सेटला नीट ऐकू येत नाही. आणि ऐकू येईना तर ओरडून उपयोग नसतो, दहा पावलं वर चढायचं.

हे आम्हाला पहिल्याच हंगामात भोवलं. ओढ्यापलीकडच्या दोघी तासभर बोलेनात. आम्ही घाबरून माणसं धाडली. त्या मजेत हिरडा झोडत होत्या, आमच्यात फक्त एक सोंड आडवी होती. तेव्हापासून खिंडीत एक जण बसते. खिंडीतून दोन्ही उतार दिसतात, म्हणजे दोन्हीकडचा सेट तिला ऐकू येतो. ती इकडचं तिकडं सांगते. शिवाय खिंडीत मोबाइलला रेंज आहे. वॉकी-टॉकीवरून १०८ लागत नाही, ११२ लागत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. खिंडीतल्या बाईनं मोबाइलवरून १०८ लावायचा.

हे काम आम्ही एका मावशींना दिलं. त्यांचे गुडघे गेलेत, झाडावर चढणं होत नाही. यावरून गटात चांगलं वाजलं. एक बाई म्हणाली, “आम्ही काट्यात हात घालायचे आणि बसून बोलणारीला बरोबरीचा वाटा?” दोन बैठका यात गेल्या. मी माझं मत सांगितलं: झाडावरची बाई निर्धास्त चढते ती खाली कुणी ऐकतंय म्हणून, आणि ऐकणं हे दिवसभराचं काम आहे. शेवटी बरोबरीचा वाटा ठरला. ज्यांना पटलं नाही त्यांना अजूनही पटलेलं नाही, पण वाटा मिळतो.

बोलायची पद्धत मात्र सगळ्यांनी पाठच करावी. बटण दाबायचं, मनात ‘एक’ म्हणायचं, मग बोलायचं. दाबल्या दाबल्या बोललं तर पहिला शब्द तुटतो. ‘येऊ नको’ मधलं ‘येऊ’ तुटलं तर चालेल, पण बोलून व्हायच्या आत बटण सोडलं आणि ‘नको’ तुटलं तर काय होईल, बघा. आधी जिला बोलवायचं तिची जागा, मग आपली: “खिंड, खिंड, मी ओढा बोलतेय.” संपलं की “झालं” म्हणायचं आणि बटण सोडायचं. महत्त्वाचा निरोप ऐकणारीनं परत म्हणून दाखवायचा. ‘मदत’ हा शब्द तीनदा आला की बाकीच्यांनी गप्प बसायचं. आणि दर तासाला हजेरी. दोनदा हाक मारून उत्तर आलं नाही तर वाट न बघता तिकडं कुणीतरी जायचंच. बॅटरी संपली असेल, असं म्हणून बसून राहायचं नाही.

एक गंमत सांगते. एकदा आमच्या दोघी सेटवरच एका तिसरीच्या थकलेल्या हप्त्याबद्दल बोलत होत्या. मध्येच एक पुरुषाचा आवाज आला, “ताई, तुम्ही कुठून बोलताय?” गडावर आलेल्या ट्रेकवाल्यांच्या सेटवर तेच चॅनेल लागलं होतं! सेटवर चॅनेलबरोबर एक कोड लावता येतो. तो लावला की दुसऱ्यांचं बोलणं आपल्या कानावर येत नाही. पण आपलं बोलणं त्यांना ऐकू येऊ शकतं, हे विसरू नका. कोड म्हणजे कुलूप नव्हे. पैशाचं, घरातलं, कोण कुठं एकटी आहे, असलं काही सेटवर बोलायचं नाही.

आता कायद्याचं. आपलं हे रेडिओ केंद्र जसं ठरलेल्या आकड्यावर लागतं, तसे वॉकी-टॉकीलाही ठरलेले आकडे आहेत. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या, अर्ध्या वॅटपर्यंतच्या सेटसाठी विनापरवाना खुला केला आहे. सेट याच पट्ट्यातला हवा आणि त्याला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता हवी. तिला ईटीए म्हणतात. दुकानदाराकडं त्याचा कागद मागा, पक्कं बिल घ्या. ऑनलाइन स्वस्तात पाच वॅटचे, हवा तो आकडा लावता येणारे सेट दिसतात. ते परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. त्या आकड्यांवर पोलीस आणि इतर खाती बोलत असतात. असे सेट विकल्याबद्दल २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना नोटिसा दिल्या होत्या. ताकद जास्त म्हणजे चांगलं, असं घरातली पोरं सांगतील. ऐकू नका. आम्ही रानात न्यायच्या आधी वनरक्षकालाही सेट दाखवून ठेवले.

बॅटरीच्या बाबतीत चूक आमचीच झाली. पहिला हंगाम संपला, सेट तसेच पेटीत टाकले. पुढच्या उन्हाळ्यात काढले तर चारांतले दोन चार्जच होईनात. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरलेली, महिनोन्‌महिने तशीच पडली की मरते. आता पावसाळ्यात सेट अर्धे चार्ज करून कोरड्या डब्यात ठेवतो आणि दर दोन महिन्यांनी, अमावास्येच्या बैठकीला, बाहेर काढून परत चार्जिंगला लावतो. बॅटरी फुगलेली दिसली तर तो सेट वापरायचा नाही. चुलीजवळ, उन्हात, गोधडीखाली चार्जिंग नको. काही सेटमध्ये पेन्सिल सेल घालतात. तिथं रिचार्जचेच सेल हवेत. साधे सेल चार्जिंगला लावले तर फुटू शकतात. रानात जायच्या आदल्या रात्री चार्जिंग करायचं, आणि आमच्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून संध्याकाळीच लावायचं. ते कुणी करायचं ते वहीत नावानिशी लिहिलेलं असतं.

आम्हाला दोन जोड्या साडेनऊ हजारांना पडल्या, नंतर दोन बॅटऱ्यांचा भुर्दंड वेगळा. पैसे गटाच्या स्वतःच्या बचतीतून घातले. आवणीच्या दिवसांत खाचरावरून घरी निरोप द्यायला कुणाला सेट हवा असेल तर दिवसाला वीस रुपये घेतो. लग्नाच्या मांडवाला देत नाही. एकदा दिला होता, तो हळदीनं माखून परत आला.

खाली सपाटीवरच्या एका गटानं मला विचारलं, आम्हीही घेऊ का? त्यांच्या शिवारात सगळीकडे मोबाइल लागतो. मी नको म्हणाले. त्यांनी त्या पैशात शेळ्यांचा विमा उतरवला. तुमच्या गावात जिथं फोन लागत नाही आणि जिथं बाया एकट्यादुकट्या काम करतात, त्या जागा आधी कागदावर काढा. मग कुणाकडून तरी मागून आणलेली एक जोडी घेऊन त्या जागांवर चालून बघा. आमचे सेट बघायचे असतील तर हिरड्याचा हंगाम सोडून कधीही या, खिंडीतल्या मावशी स्वतः दाखवतील.