जात्यावर बसलं की ओवी

'जात्यावर बसलं की ओवी सुचते' असं आपण म्हणतो आणि त्याचा अर्थ लावतो की कामाला हात घातला की काम जमतं. या म्हणीत आणखी एक निरीक्षण आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. दळणाऱ्या बाईने ओवीसाठी वेगळा वेळ काढलेला नव्हता. वेळ दळणाचा होता. पहाटे घरचं पीठ व्हायलाच हवं होतं, आणि खुंट्याला हात लागला की ओवी ओठांवर यायची. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली आणि त्यांच्यामागोमाग ओव्याही घराघरांतून ओसरल्या. त्या बायकांची भक्ती आटली असं कोणी म्हणणार नाही. भक्तीला टेकायला जागा उरली नाही, इतकंच. ख्रिस्ती घरांतल्या सकाळच्या वैयक्तिक उपासनेचं बहुतेकदा असंच होतं, असं माझं मत आहे. एक जानेवारीला संकल्प होतो: तासभर आधी उठायचं, वर्षात अख्खं बायबल वाचून काढायचं. बायबलचे अध्याय १,१८९, म्हणजे रोजचे तीनहून अधिक. उत्पत्ती आणि निर्गम उत्साहात पार पडतात. जानेवारी संपता संपता लेवीय लागतं, होमार्पणांचे बारीकसारीक नियम सुरू होतात, आणि संकल्प तिथेच बसकण मारतो. मग माणूस स्वतःला दोष देतो की आपला विश्वासच कच्चा. दोष विश्वासाचा नसतो. संकल्पाचं आकारमान चुकलेलं असतं आणि त्याला जातं मिळालेलं नसतं.

सकाळची उपासना म्हणजे काय, हे ख्रिस्ती नसलेल्या वाचकासाठी थोडक्यात सांगायला हवं. तिच्यात तीन गोष्टी येतात: शास्त्रभागाचं वाचन, त्यावर थोडं मनन आणि प्रार्थना. मंडळीची रविवारची उपासना वेगळी. ही घरातली, एकट्याची किंवा कुटुंबाची. तिची मुळं बायबलमध्येच सापडतात. स्तोत्रकर्ता पहाटे देवाला हाक मारतो. मार्कच्या शुभवर्तमानात येशू उजाडण्याआधी उठून एकांतात प्रार्थनेला जातो. पण मला सगळ्यांत बोलकी वाटते ती निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातली मान्नाची गोष्ट. अरण्यात भटकणाऱ्या इस्राएल लोकांनी हे अन्न रोज सकाळी, त्या दिवसापुरतंच गोळा करायचं होतं. साठवून ठेवलेल्याला दुसऱ्या दिवशी किडे पडले, वास सुटला. अपवाद फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा. एका दिवशी पोतंभर जमवून आठवडा काढायचा, ही युक्ती तिथे चालत नाही. रविवारी दोन तास आणि उरलेले सहा दिवस कोरडे, ही आपली नेहमीची वाटणी या गोष्टीपुढे फारशी टिकत नाही.

'थोडं' करणं ही आजच्या धावपळीच्या माणसाला दिलेली सवलत आहे, असा एक समज आहे. इतिहास वेगळं सांगतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या विसाव्या प्रकरणात प्रार्थना लहान आणि निर्मळ असावी असं सांगितलं आहे. देवाच्या कृपेने ती आपोआप लांबली तर ठीक, पण सगळे एकत्र असताना ती आटोपशीरच ठेवायची. आठवड्यात दीडशेच्या दीडशे स्तोत्रं म्हणणाऱ्यांना दिलेला हा सल्ला आहे! धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्याबद्दल प्रवचनांतून नेहमी ऐकायला मिळतं की ते दिवसाचे तीन तास प्रार्थनेला देत. त्याला आधारही आहे. १५३० मध्ये कोबुर्गच्या किल्ल्यात त्यांच्याबरोबर असलेल्या फाइट डीट्रिश यांनी तसं लिहून ठेवलं आहे. पण त्याच ल्यूथर यांनी आदल्या वर्षी, १५२९ मध्ये, सर्वसाधारण कुटुंबांसाठी छोटी प्रश्नोत्तरावली लिहिली, तिच्यातली सकाळची उपासना पाच मिनिटांची आहे. अंथरुणातून उठलं की वधस्तंभाची खूण करायची, विश्वासाचा अंगीकार आणि प्रभूची प्रार्थना म्हणायची, वाटल्यास एक लहानशी प्रार्थना जोडायची, आणि एखादं गीत गात आनंदाने कामाला लागायचं. स्वतःचे तीन तास त्यांनी शेतकऱ्याच्या आणि लोहाराच्या गळ्यात घातले नाहीत. शिवाय उपासनेची वेळ त्यांनी घड्याळाला बांधली नाही, अंथरुणातून उठण्याला बांधली. त्यांनी जातं शोधलं होतं.

याहून पक्कं उदाहरण जर्मनीतल्या हेर्नहूटचं. मोराविया प्रांतातून छळामुळे पळालेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांना सॅक्सनीतल्या काउंट त्सिन्त्सेनडोर्फ यांनी १७२२ मध्ये आपल्या जमिनीवर आसरा दिला आणि तिथे हे गाव वसलं. ३ मे १७२८ च्या संध्याकाळी त्यांनी जमलेल्या मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी म्हणून एक छोटासा मजकूर दिला. मग तो रिवाजच पडला. सकाळी कोणीतरी घरोघर जाऊन दिवसाचं वचन सांगायचं, त्यावर दोन शब्द बोलायचे, घरात कोणी आजारी किंवा अडचणीत आहे का ते पाहायचं. १७३१ पासून ही वचनं वर्षभराच्या पुस्तकाच्या रूपाने छापली जाऊ लागली, आणि ते पुस्तक तेव्हापासून दर वर्षी निघत आलं आहे. आज ते पन्नासांहून अधिक भाषांत निघतं. जुन्या करारातल्या सुमारे अठराशे वचनांतून चिठ्ठ्या काढून रोजचं वचन ठरतं आणि त्याला साजेसं नव्या करारातलं वचन निवडून जोडलं जातं. राज्यं बदलली, दोन महायुद्धं झाली, देशाची फाळणी होऊन तो पुन्हा एक झाला, आणि दोन-चार ओळींचं हे पुस्तक चालूच राहिलं. ते इतकी वर्षं टिकलं याचं कारण त्याच्या लहानपणात आहे. तापाने फणफणलेल्या माणसालाही दोन ओळी वाचता येतात.

सवयींचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचे निष्कर्षही याच दिशेचे आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे तपासलं. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक साधी कृती निवडली आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला, न्याहारीनंतर वगैरे, जोडली. कृती आपोआप होऊ लागायला मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागतील असं दिसलं. कोणाला १८, तर कोणाला २५४. एकवीस दिवसांत सवय लागते, हा लोकप्रिय आकडा यात कुठेच बसत नाही. आणखी एक गोष्ट दिसली: एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा अडथळा येत नाही. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या ४८ विद्यार्थ्यांवरचा एक लहान अभ्यास आला. त्यात स्नायू ताणण्याचा एकच व्यायाम सकाळी करणाऱ्यांना सवय लागायला अंदाजे १०६ दिवस पुरे होते, संध्याकाळी करणाऱ्यांना १५४. हे अभ्यास प्रार्थनेवरचे नाहीत, आणि प्रार्थना म्हणजे स्नायूंचा ताण नव्हे, हे मान्य. पण प्रार्थना करणारा माणूस हाडामांसाचाच असतो. त्याचा मेंदू उपासनेसाठी वेगळे नियम लावत नाही. म्हणून 'उद्यापासून रोज सकाळी बायबल वाचेन' यापेक्षा 'चहाचं आधण ठेवलं की ओट्याजवळच्या खुर्चीत बसून पाच वचनं वाचेन' हा संकल्प जास्त टिकाऊ. पहिल्यात नुसती इच्छा आहे, दुसऱ्यात जातं आहे.

यावर पहिला आक्षेप असा की असं केलं तर उपासना यांत्रिक होईल. ही भीती खरी आहे आणि ती आधी धर्मनिष्ठांनीच बोलून दाखवली आहे. स्कॉटलंडमधल्या डंडी शहराचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी वाचनाचं वेळापत्रक तयार केलं. रोज चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा. ते आजही जगभर वापरलं जातं. पण वापरणारे बहुधा त्याची प्रस्तावना वाचत नाहीत. तिच्यात मॅकशेन यांनी फायद्यांच्या आधी धोके दिले आहेत: वाचन नुसता उपचार बनेल, वाचणाऱ्याला आपण धार्मिक असल्याचा गर्व होईल, घाईघाईत वाचलं जाईल, आणि काहींना हे जू पेलणार नाही. या चारांपैकी निदान दोन, घाई आणि जड जू, थेट चार अध्यायांच्या आकारातून येतात; भाग लहान केला की ते बरेच निवळतात. उपचाराचा धोका उरतो. पण रोजची गोष्ट यांत्रिक झाली म्हणून आपण ती टाकत नाही. आईने सकाळी डबा भरणं हेही यांत्रिकच असतं; त्यात माया नसते असं म्हणायची कोणाची छाती आहे? येशूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ज्यावर बोट ठेवलं, तो दिखावा आणि शब्दांचा फापटपसारा होता. नियमितपणाला त्याने कुठेही नावं ठेवली नाहीत. आणि त्याच ठिकाणी त्याने शिकवलेली प्रार्थना अर्ध्या मिनिटात म्हणून होते.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे, आणि तो प्रोटेस्टंट पंथाच्या गाभ्यातून येतो. तारण कृपेने मिळतं, कर्माने नाही. मग रोजच्या नेमाचा अट्टहास म्हणजे मागच्या दाराने कर्मकांड आणणं नव्हे का? हा वाद १९३६ मध्ये दोन मोठ्या प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञांत झाला. हिटलरच्या राजवटीला न जुमानणाऱ्या मंडळीसाठी डीट्रिश बोनहोफर फिंकेनवाल्डे इथे पाळक घडवत होते. तिथे प्रत्येकाने सकाळी अर्धा तास मौन मनन करायचं, आणि तेही आठवडाभर एकाच शास्त्रभागावर, असा नेम होता. कार्ल बार्थ यांना त्यात मठाचा वास आला, आणि पत्रातून त्यांनी तसं कळवलंही. बार्थ यांची शंका मला अजूनही रास्त वाटते. नेम चुकला म्हणून दिवसभर अपराधी वाटत राहणं हे नेमाचं गुलाम झाल्याचंच लक्षण. पण पुढे काय झालं तेही पाहायला हवं. १९३७ मध्ये गेस्टापोने ती शाळा बंद केली. १९३९ च्या जूनमध्ये बोनहोफर न्यूयॉर्कमध्ये सुरक्षित होते, मित्रांनी तिथेच राहण्याची सोय केली होती. ती नाकारायचं त्यांनी ठरवलं होतं, पण मन शांत नव्हतं. २६ जूनला त्यांच्यासमोर पौलाच्या पत्रातलं एक वचन आलं: तीमथ्याला केलेली, हिवाळ्यापूर्वी ये अशी विनवणी. ते वचन दिवसभर आपला पाठलाग करत राहिलं, अशी नोंद त्यांच्या दैनंदिनीत आहे. जुलैत ते जर्मनीला परतले. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी झाली. वचन म्हणजे राशिभविष्य नव्हे. सकाळी बोट ठेवून निघालेल्या ओळीवर नोकरी किंवा लग्न ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की बोनहोफर यांचा निर्णय आधी झालेला होता. वचनाने त्याला शब्द दिले, आणि वर्षानुवर्षांच्या मननाने कान तयार होता म्हणून ते ऐकू आले.

'देवाला दहाच मिनिटं?' हाही प्रश्न विचारला जातो. विचारणारे बहुधा निवृत्त असतात किंवा त्यांचा चहा दुसरं कोणी करत असतं. नळाला पाणी साडेपाचला येतं, मुलांचे डबे असतात, सहा-वीसची लोकल असते. त्या घरातल्या बाईला तासभराच्या मौनाचा आदर्श सांगणं मला निष्ठुर वाटतं. रात्रपाळीहून सकाळी घरी येणाऱ्या नर्सची सकाळ दुपारी दोनला होते, आणि तिने तेव्हा वाचलं तर काही बिघडत नाही. पहाटेच्या वेळेला वेगळं पावित्र्य नाही. तिच्या बाजूने एवढंच आहे की तोवर दिवसाने आपला कब्जा घेतलेला नसतो. मोबाइल आधी हातात आला तर तेही राहत नाही. वचन मोबाइलवर वाचणाऱ्यांनी याचा विचार करावा, छापील पुस्तकावर संदेशांची रांग लागत नाही.

भाषेचा विचारही महत्त्वाचा. अर्थ लावण्यातच दहा मिनिटं गेली तर मनन कधी करणार? पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात बसून हिब्रू आणि ग्रीकमधून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते साध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' अलीकडचं. गाण्याची सोय तर आपल्याकडे फार जुनी आहे: फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात 'ख्रिस्तपुराण' छापलं ते ओवीतच, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाला ख्रिस्ती घरात आणलं.

सुरुवात करायची असेल तर लेवीय नको, मार्क घ्या. सोळाच अध्याय आहेत. रोज पाच वचनं, प्रभूची प्रार्थना, बस्स. पहिल्या अध्यायात ४५ वचनं आहेत, म्हणजे तो नऊ दिवस पुरेल. सातव्या दिवशी पस्तिसावं वचन येईल, अंधारात उठून प्रार्थनेला गेलेल्या येशूचं. आठव्या दिवशी शिष्य त्याला शोधत येतात, सगळे तुला शोधताहेत म्हणून सांगतात. त्याचीही सकाळ फार वेळ मोकळी राहिली नव्हती.