फाइल बदलली, एडिटरला पत्ताच नाही

लोधिवलीहून बोलतोय. हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे काय की' तेवढे काढलेत.

आज एक चूक सांगणार आहे. माझीच. पॉडकास्टसाठी एका आजोबांची मुलाखत घेतली होती. पाताळगंगेच्या बाजूला कारखाने यायच्या आधीची भातशेती, कुठल्या खाचराला काय म्हणायचे, असं बरंच काही ते बोलले. मशीनने काढलेल्या मजकुरात त्या नावांची पार वाट लागली होती. माझी चुलत बहीण खोपोलीला असते, मजकूर तीच तपासते. आमचं फोल्डर दोघांच्या लॅपटॉपवर आपोआप सिंक होतं. तिने दुपारभर बसून, आजोबांना दोन-तीनदा फोन करून, सगळी नावं नीट केली. ती सुधारलेली फाइल माझ्या लॅपटॉपवर येऊनही पडली. पण तीच फाइल माझ्याकडे सकाळपासून व्हिममध्ये उघडी होती. रात्री मी एक स्वल्पविराम टाकला आणि सेव्ह केलं.

व्हिमने विचारलं होतं हो! वाचल्यानंतर ही फाइल बदलली आहे, तरी लिहू का? मी सवयीने 'वाय' दाबलं. सकाळचा जुना मजकूर नव्याच्या डोक्यावर बसला आणि सिंक होऊन तिच्याकडेही गेला. दुसऱ्या दिवशी फोन आला, "दादा, मी काल केलेलं सगळं गेलं कुठे?"

तर हे होतं कसं? एडिटरमध्ये फाइल उघडली की डिस्कवरच्या मजकुराची एक प्रत मेमरीत येते. आपल्याला दिसते ती ही प्रत. डिस्कवर नंतर काय झालं, ते एडिटरला आपोआप कळत नाही. कळून घ्यायचे दोन मार्ग आहेत.

समजा तुम्ही आमच्याकडे जुन्या मुंबई-पुणे हायवेवर एसटीची वाट बघताय. एक मार्ग म्हणजे दर पाच मिनिटांनी टपरीतून उठून रस्त्यावर जायचं, गाडी दिसते का बघायचं, परत येऊन बसायचं. याला पोलिंग म्हणतात. एडिटर ठरावीक वेळाने फाइलची शेवटच्या बदलाची वेळ तपासतो. ईमॅक्सच्या ऑटो-रिव्हर्ट सोयीत हे अंतर मुळात ५ सेकंदांचं आहे. एका फाइलला ठीक, पण शेकडो फाइली असतील तर नुसत्याच फेऱ्या.

दुसरा मार्ग: टपरीवाल्याला सांगून ठेवायचं, "गाडी आली की हाक मारा," आणि निवांत चहा प्यायचा. हे नोटिफिकेशन. इथे टपरीवाला म्हणजे कर्नल, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. फाइलवरचं प्रत्येक लिहिणं त्याच्याच हातून जातं, त्यामुळे बदल झाला हे त्याला आधी कळतं. लिनक्समध्ये या सोयीचं नाव इनोटिफाय. ती ऑगस्ट २००५ मध्ये कर्नलच्या २.६.१३ आवृत्तीत आली. मॅकवर हेच काम एफएसइव्हेंट्स करतं, विंडोजचीही स्वतःची सोय आहे. ईमॅक्स २०१४ सालच्या २४.४ आवृत्तीपासून हा मार्ग वापरू शकतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा, अर्धवट फाइल. मोठा मजकूर डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी लिहिला जातो आणि 'बदल झाला' अशी हाक प्रत्येक तुकड्याला येऊ शकते. पहिल्याच हाकेला धावलात तर अर्धीच फाइल हाती लागेल. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. तुकडा मधेच तुटला तर शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं ते यामुळेच. म्हणून 'लिहून झालं, फाइल बंद केली' ही वेगळी हाक इनोटिफाय देतं, तिची वाट बघायची.

दुसरा खड्डा जास्त फसवा. बरीच सिंकची साधनं आणि एडिटर मूळ फाइलला हात लावत नाहीत. शेजारी तात्पुरती फाइल पूर्ण लिहितात आणि मग तिला जुन्या फाइलचं नाव देतात. मधेच वीज गेली तरी जुनी फाइल शाबूत राहावी, हा हेतू. पण कर्नल पहारा ठेवतो तो नावावर नाही, आयनोडवर, म्हणजे फाइलच्या आतल्या क्रमांकावर. जुन्या घराची पाटी काढून नव्या घराला लावली आणि पोस्टमन मात्र जुन्याच दारात उभा, तशी गत होते. पहिला बदल कळतो, नंतर सगळं चिडीचूप. उपाय असा की फाइलवर पहारा न ठेवता ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर ठेवायचा. म्हणजे 'या नावाने नवी फाइल आली' हेही कळतं. मात्र इनोटिफाय पोटातल्या फोल्डरांत आपणहून शिरत नाही. प्रत्येकावर वेगळा पहारा लावावा लागतो आणि त्यांच्या संख्येला मर्यादा असते.

तिसरा खड्डा नेटवर्क ड्राइव्हचा. फाइल दुसऱ्या मशीनवर असेल आणि तिसऱ्याच मशीनने बदलली, तर ते लिहिणं तुमच्या कर्नलच्या हातून गेलेलंच नसतं. तो हाक कुठून मारणार? तिथे पोलिंगच बरं. आमच्यासारखं सिंक होणारं फोल्डर असेल तर प्रश्न नाही, कारण सिंकचा प्रोग्राम तुमच्याच डिस्कवर लिहितो.

मग माझ्या व्हिमचं काय चुकलं? त्यात 'ऑटोरीड' हे सेटिंग असतं. बाहेर फाइल बदलली आणि तुमचं काही न सेव्ह केलेलं नसेल, तर ती पुन्हा वाचायची, एवढाच त्याचा अर्थ. तपासायचं कधी, हे ते ठरवत नाही. म्हणून खिडकीवर परत आल्यावर आणि कर्सर थोडा वेळ थांबल्यावर 'चेकटाइम' ही आज्ञा चालेल, अशा दोन ओळी मी सेटिंगच्या फाइलीत घातल्या. हे खरं नोटिफिकेशन नव्हे, पण माझ्या कामाला पुरतं. ईमॅक्सवाल्यांनी ग्लोबल-ऑटो-रिव्हर्ट चालू करावं. व्हीएस कोड हे मुळातच करतो.

आता मुद्द्याची गोष्ट. हाक मारणारा फक्त 'बदललं' एवढंच सांगतो. कोणाचा मजकूर खरा, हे तो सांगत नाही. तुमची प्रत कोरी असेल, म्हणजे तुम्ही काही टाइप केलेलं नसेल, तर एडिटरने बिनधास्त ताजी करावी. पण इकडे तुमचा एक स्वल्पविराम आणि तिकडे बहिणीची दुपार असेल, तर एडिटरने थांबून विचारायलाच हवं, आणि आपण तो प्रश्न वाचायला हवा. आपोआप ताजं होण्याचा खरा फायदा हा की अशी वेळ क्वचित येते. माझी प्रत तिने सेव्ह केल्यावर लगेच ताजी झाली असती, तर रात्री माझा स्वल्पविराम तिच्या मजकुरात पडला असता. विचारायची वेळच आली नसती.

आता आम्ही आणखी एक करतो. तपासणीचा टप्पा संपला की गिटमध्ये कमिट. चूक झालीच तर मागे जायला वाट राहते.

आजोबांना पुन्हा फोन करावा लागला. तो मी केला, बहिणीला नाही करायला लावला. त्यांनी खाचरांची नावं पुन्हा एकेक करून सांगितली, आणि गेल्या वेळी विसरलेलं एक जास्तीचंही सांगितलं. या वेळी सेव्ह करण्याआधी स्क्रीनवर काय विचारलंय, ते मी नीट वाचलं.

भेटू पुढच्या भागात.