कर्ण्यातून आलेले गुरू

पुण्याच्या जुन्या बाजारातून मी एकदा चावीचा फोनो आणला. विकणाऱ्यानं 'एकदम चालू' म्हणून दिला, आणि तो चालूही होता, पण दीड मिनिटापुरता. मग स्प्रिंगचा जोर ओसरायचा आणि गाता गाता बाईचा बुवा व्हायचा. दुरुस्तीला नेला तेव्हा कारागिरानं वरची फळी काढून पोट उघडं करून दाखवलं. डबीत गुंडाळलेली पोलादी पट्टी, दातेरी चाकं आणि तीन छोटी वजनं अंगावर घेऊन भिंगरीसारखा फिरणारा एक दांडा. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात, त्यांच्या ओढीनं एक चकती चामड्याच्या तुकड्याला घासते आणि वेग आवरला जातो. "ह्याला गव्हर्नर म्हणतात," तो म्हणाला, "इथं राज्य ह्याचंच." पितळेचा चकचकीत कर्णा मात्र नवा निघाला, शोभेसाठी अलीकडे ठोकलेला.

या गव्हर्नरचं राज्य गाण्यावरही चालतं, हे घरी आल्यावर कळलं. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. ते ७४ झाले तर आवाज जवळजवळ अर्ध्या स्वरानं उतरतो. म्हणजे पांढरी दोनमध्ये गाणारा गवई काळी एकमध्ये येऊन बसतो, आणि तो असा नव्हताच गात, हे सांगायला कोणी नसतं. वेगाची किल्ली जरा इकडे-तिकडे झालेल्या यंत्रावर ऐकून ज्यांनी गाणं उचललं, त्यांनी गवयाबरोबर ती किल्लीही उचलली असणार.

तबकडीसुद्धा हातात घेऊन बघण्यासारखी चीज आहे. काळी, जड, काठाला बोट लावलं तर थंड लागते. हातातून सुटली तर संपली. ती लाखेची आहे, म्हणजे पळस, कुसुंब, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर किडे जी राळ सोडतात तिची. छोटा नागपूरच्या जंगलातली ही लाख जगभर जायची. तिच्यात दगडाची पूड, काजळी आणि सुताचे तंतू मिसळून दहा इंचांची तबकडी दाबून काढत. दगडाची पूड सुईला घासून खाचेच्या मापाची करते, म्हणून पोलादी सुई दर बाजूला बदलायची. सुयांची पत्र्याची डबी घरोघरी असे. जुनी सुई टाकायला जीव होत नाही म्हणून तीच वापरणारे लोक तबकड्यांचं काय करून ठेवत, ते जुन्या बाजारातल्या खरखरणाऱ्या प्लेटी ऐकल्या की समजतं.

एका बाजूला साधारण तीन मिनिटं. बारा इंची असेल तर साडेचार. तीन मिनिटांत ख्याल म्हणजे पाट मांडतोय तोवर पान उचलायचं.

१९०२ साली फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कोलकात्यात मेणाच्या चकत्या घेऊन उतरला आणि नोव्हेंबरात त्यानं गौहर जान यांचं गाणं घेतलं. मायक्रोफोन नव्हता. गायिकेनं थेट एका भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. गाणं संपलं की त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत, कारण चकत्या जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कारागिरांना कोण काय गातंय हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. पुढे १९०८ साली कोलकात्यातच कारखाना निघाला. मेणाच्या चकत्यांची बोटीची वारी थांबली आणि लाख आपल्याच देशात तबकडी होऊ लागली.

हे सगळं मी एका गवयासाठी सांगतोय, पण त्याच्याआधी कुलपाची गोष्ट यायला हवी.

त्या काळी गाणं घरात असे. घराणं हा शब्द उगाच नाही आला. गुरूच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, मर्जी सांभाळायची, मग कधीतरी एक चीज मिळायची. दुसऱ्या घराण्याचं गाणं कानावर पडणं ही नशिबाची गोष्ट. अल्लादिया खाँसाहेबांनी तर तबकडीच दिली नाही. भास्करबुवा बखल्यांची तबकडी नाही. तीन घराण्यांची विद्या घेतलेला हा माणूस १९२२ साली गेला आणि मागे राहिले ते शिष्य आणि आठवणी. ज्यांच्या तबकड्या निघाल्या, त्यांच्या घराला मात्र रस्त्याकडून एक खिडकी पडली. खिडकीतून आत जाता येत नाही, ऐकता येतं. आणि ऐकायला शागिर्दी लागत नाही.

गदगमधल्या एका दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी वाजत होती आणि एक शाळकरी पोरगा ती ऐकत उभा राहिला. १९३३ साली तो घर सोडून पळाला. ग्वाल्हेर, रामपूर, जालंधर अशी वणवण करून शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारात पोचला, म्हणजे त्याच अब्दुल करीम खाँसाहेबांच्या शिष्याकडे. भीमसेन जोशींची ही गोष्ट मराठी घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तबकडीनं त्यांना गुरूचा पत्ता दिला, आणि ते पत्त्यावर गेले.

दुसऱ्या पोराला तबकडीनं एक नाही, अनेक पत्ते दिले. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. घरची भाषा कानडी. वडील गाणारे. वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी हा मुलगा तबकड्यांवरचं गाणं जसंच्या तसं म्हणून दाखवू लागला. सवाई गंधर्वांचं, मग एकेका बड्या गवयाचं. चीज तीच, तान तीच, दम घ्यायची जागासुद्धा तीच. शब्द ब्रजातले, अर्थ कुठला कळायला! एका मठाच्या स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. गावोगावी त्याचे जलसे होऊ लागले. १९३६च्या सुमारास मुंबईच्या जिना हॉलमध्ये प्रो. बी. आर. देवधरांनी भरवलेल्या परिषदेत तो गायला, तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता. समोर बसलेल्या मातब्बरांना एका पोराच्या गळ्यातून एकामागून एक ओळखीचे आवाज येताना ऐकू आले असतील. सभा लुटली त्यानं.

मला या प्रसंगात एक किंचित भीतीदायक गोष्टही दिसते. पोरगा स्वतःच फोनो झाला होता.

त्याचं नशीब असं की तो देवधरांच्याच हाती पडला. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य असूनही एका घराण्याच्या चौकटीत न मावणारा हा माणूस. अनेक घराण्यांच्या गवयांकडून चिजा गोळा केलेल्या, पाश्चात्त्य संगीताशीही ओळख. गिरगावातल्या त्यांच्या शाळेत गवयांची ये-जा असे. तबकडीच्या खिडकीतून ऐकलेले आवाज इथं समोर बसून खोकायचे, चहा प्यायचे, एकमेकांची उणीदुणी काढायचे. नक्कल गळ्यात होतीच. राग कशानं उभा राहतो, अमुक स्वरावर तो का थांबतो, हे शिकायला मात्र वर्षं लागली. पुढे कुमार अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकले. विशीत पोचेपर्यंत कुमार त्याच शाळेत शिकवत होते.

मग १९४७ साली क्षय झाला आणि सगळंच बंद पडलं. कोरड्या हवेसाठी माळव्यात देवासला बिऱ्हाड हललं. गाणं मना, बोलणंसुद्धा बेतानं. पत्नी भानुमतीबाई शाळेत शिकवून घर चालवत होत्या. आणि बिछान्यावरचा गवई पाच-सहा वर्षं नुसता ऐकत होता. बायका गात जायच्या, नाथपंथी जोगी निर्गुणी भजनं म्हणत जायचे. ही खिडकी तबकडीसारखीच, पण हिच्यात परत परत तेच वाजत नव्हतं. उद्या तीच बाई तेच गाणं जरा निराळं म्हणायची. त्यातल्या सुरावटी कुमारांनी टिपल्या, आणि बऱ्याच रागांचं बी लोकधुनेत असतं हे त्यांना दिसू लागलं. मालवती, संजारी, मघवा, लगनगंधार, सहेलीतोडी हे त्यांचे राग त्या धुनांतून आले. त्यांना ते धुनउगम राग म्हणत. नव्या चिजांचा 'अनूपरागविलास' १९६५ साली छापून आला. स्ट्रेप्टोमायसिननं माणूस वाचवला. १९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले, एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेलं.

घराण्याचे लोक रागावले, ते साहजिकच. हा कुणाचा? तर कुणाचाच नाही. ऋतूंवर कार्यक्रम करतो, लोकगीतं शास्त्रीय मंचावर आणतो, ख्यालाची ठरलेली पायरी-पायरीनं बढत मोडतो. मला वाटतं, घराण्याबाहेर राहण्याची सवय त्यांना तबकडीनंच लावली होती. ज्यानं लहानपणी एका संध्याकाळी चार घराण्यांची गाणी म्हटली, त्याला पुढे एकाच घराची किल्ली कशी पुरणार?

लहानपणची नक्कल त्यांनी किती मागे टाकली याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम. नावातल्या 'उमजलेले' या शब्दावर मी बराच वेळ अडकून राहतो. बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या तबकड्या घरोघरी होत्या. त्यांची नक्कल करणारे गल्लोगल्ली होते. कुमारांना तर ती कुणाहून सरस जमली असती, लहानपणचा धंदाच होता तो. पण ही पदं ते म्हणतात ती स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या लयीनं. बालगंधर्वांची लाडिक लोच ऐकायला गेलेला माणूस हात हलवत परत येतो. मग तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात लक्षात येतं की सुरात नेमकं जाऊन बसणं आणि शब्द सोडताना त्याला हळूच हात लावणं, हे सगळं तिथं आहे, नुसता आवाज नाही. जिना हॉलमध्ये नेमकं उलटं होतं.

या सगळ्या तबकड्यांपैकी एकीचा प्रवास तर भलताच लांबला. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर, त्याच तबकडी न देणाऱ्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या चढवल्या, त्यांत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. वेळ बघा, साडेतीन मिनिटं. फोनोचा नियम अवकाशातही पाळला जातोय. आपल्या गाण्याला कोणी हात लावू नये म्हणून जपणाऱ्या बाईंचं गाणं कोणाच्याही हाती पडेल अशा ठिकाणी तरंगतंय, हे त्यांना कितपत रुचलं असतं कोण जाणे. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या गेल्या.

माझा फोनो आता नीट चालतो. कारागिरानं स्प्रिंग बदलली, चामड्याचा तुकडा नवा घातला, तेल सोडलं. त्यावर ७८ची प्लेट लावून मी कधीकधी पाहुण्यांना हौसेनं ऐकवतो. मागे एका ओळखीच्या घरी कॉलेजातला एक मुलगा गायला बसला. गुरू नाही, शिकला तो फोनवर ऐकून, आणि आवड सगळी कुमारांची. मुलगा सुरेल होता. छोटा, धारदार तुकडा घ्यायचा, एकदम थांबायचा, शांततेत तंबोरा वाजू द्यायचा, मग पुन्हा वर झेप. थेट कुमार. घरातली मंडळी 'वा' म्हणत होती. मी त्याच्या छातीकडे बघत होतो. पोहणाऱ्याची, भरलेली छाती. तो थांबायचा तेव्हा त्याच्याकडे दम शिल्लक असायचा.